केनाय नदीवर सामन गरवायला : राजा नाही भेटला, तांबडे भेटले

गरीवाला

गेली दोन वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. आज पहिला धागा काढतोय, कारण ही गोष्ट ऐकून घेणारं घरात आता कोणी उरलेलं नाही.

मागच्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अलास्कातल्या केनाय नदीवर एक दिवस गाईड घेऊन सामन मासे धरायला गेलो. मी, बायको आणि १४ वर्षांचा मुलगा. मी मूळचा रेवदंड्याकडचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीच्या धक्क्यावर बसून गरवायचो. काठी नाही, रीळ नाही. हातात तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाचा तुकडा, गरीला कोलंबी. त्यामुळे मासे धरायला पैसे देऊन माणूस लावायचा ही कल्पनाच पचत नव्हती. आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझी नाडी पाहिली असती.

जायचं डोक्यात आलं ते 'किंग'मुळे. तिथल्या सामनच्या पाच जातींतला हा सगळ्यात थोराड. नदीकाठच्या सोलडॉट्ना गावात माहिती केंद्रात एक किंग पेंढा भरून ठेवलाय : ९७ पौंड ४ औंस, म्हणजे ४४ किलो. लेस अँडरसन नावाच्या तिथल्याच माणसाने तो १७ मे १९८५ ला याच नदीत गळाने धरला. गळाने धरलेल्या किंगचा जागतिक विक्रम आजही तोच. काट्यावर चढवायच्या आधी मासा कित्येक तास तसाच पडून होता, तेव्हा ओला असताना शंभरी गाठली असती असं तिथे अजून सांगतात. मासेवाले सगळीकडे सारखेच.

एप्रिलमध्ये फोन फिरवायला लागलो. पहिल्या ठिकाणी गोड आवाजात सांगितलं, "या की, किंगची नदी आहे ही!" पैसे भरणारच होतो. त्याआधी सहज दुसरा फोन केला. पलीकडे एक बाई. म्हणाली, "केनायवर जुलैचा किंगचा मोसम २०२३ पासून बंद आहे. धरून परत सोडायचा म्हटलास तरी नाही. किंगच हवा असेल तर मी तुझ्या कामाची नाही. तांबडे हवे असतील तर जुलैअखेर ये." तिलाच पैसे पाठवले.

तांबडे म्हणजे सॉकआय. तिथे सगळे त्याला नुसतं 'रेड' म्हणतात.

अँकरेजहून सोलडॉट्ना साधारण २४० किलोमीटर. सुरुवातीचा बराच रस्ता डोंगर आणि समुद्राच्या मधून जातो. त्याचं वर्णन करत नाही, नाहीतर धागा प्रवासवर्णनात हलवाल. पहाटे पाचला बोटीच्या उतारावर पोचलो तर लख्ख उजेड. आमची गाईड साठीच्या आसपासची, हिवाळ्यात शाळेत शिकवते, उन्हाळ्यात नदीवर. आम्हाला छातीपर्यंत येणाऱ्या रबरी तुमानी दिल्या, वेडर्स. त्या चढवताना बायको जे हसली ते नदीत उतरेपर्यंत.

पाण्याचा रंग बघून मी गप्पच झालो. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात मिसळलेलं, म्हणून नदी हिरवट निळी, मोरचुदासारखी. सुंदर, पण आतलं काही दिसत नाही. मी विचारलं, मासा दिसत नाही तर कळणार कसं कुठे आहे? ती म्हणाली, "तू दूर बघतोयस. तो तुझ्या पायाशी आहे."

मी आपला नदीच्या मध्यावर लांब गळ फेकायच्या तयारीत. मध्ये धार जोरात असते. तांबड्याला समुद्रातून वर चढायचं, वाटेत खायचं काही नाही, अंगातली चरबी पुरवून पुरवून वापरायची. तो धारेशी कशाला भांडेल? काठाकाठाने, गुडघाभर-कमरभर पाण्यातून, रांगेत जातो. मी ज्या पाण्यात उभा राहून लांब बघत होतो तीच त्याची वाट होती. आधी तिने मलाच दोन पावलं मागे घेतलं.

मग धडे. रीळ सोडून लांब फेकायचं नाहीच. काठीभर तंगूस वरच्या अंगाला टाकायचा, शिसं तळाला लागून टक् टक् करत खाली येऊ द्यायचं, समोरून पुढे गेलं की झटक्यात बाजूला ओढायचं आणि परत वर टाकायचं. टक् टक् नाही आलं तर शिसं हलकं, अडकलं तर जड. दर दहा पावलांवर ती माझं शिसं बदलायची. एका मिनिटाला सहा-सात वेळा, तासाला किती ते तुम्ही काढा. दुसऱ्या तासाला खांदा बोलायला लागला.

पहिला मासा मुलाला लागला. काठी वाकली, पाण्याबाहेर चांदीचा पत्रा उसळला, आणि गाईड ओरडली, "काठी खाली! आडवी धर!" आपल्याला सवय काठी वर उचलायची. वर उचललीस की मासा पृष्ठभागावर येतो, उडी मारतो, गरी निसटते. आडवी धरून त्याला काठाकडे चालवत न्यायचं. तिने खालच्या अंगाला जाऊन हातजाळी लावली. तीन किलोच्या आसपास. दांडक्याचा एक टोला, कल्ले कापून रक्त काढलं, दोरीत ओवून थंड पाण्यात सोडला. हे सगळं अर्ध्या मिनिटात. मुलगा मात्र पाच मिनिटं थरथरत होता.

दुपारी दोनपर्यंत तिघांनी मिळून सहा. सुटले किती ते मोजले नाहीत.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.


शाकाहारी_शंकासुर

आधी एक ठरवा : सालमन, सामन की साल्मन?
(मी खात नाही, पण धाग्यावर हजेरी लावायला पथ्य आड येत नाही.)


गरीवाला

@शंकासुर, तिथे 'ल' गिळतात. आपल्याकडे हॉटेलात 'सालमन फिश' म्हणतात तेही चालेल, मासा हरकत घेत नाही.


हिशोबनीस

छान लिहिलंय. आता खरं सांगा, खर्च किती? सहा मासे पडले कितीला?


गरीवाला

या प्रश्नाची वाटच बघत होतो. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एक दिवसाचा परवाना १५ डॉलर, १६ च्या आतल्या मुलाला परवाना लागत नाही. गाईडला माणशी अडीचशेच्या आसपास, वर रिवाजाप्रमाणे पंधरा-वीस टक्के बक्षिसी. मासे साफ तिनेच करून दिले, पण निर्वात पिशव्यांत बांधून गोठवायचे पैसे पौंडावर वेगळे. विमान, गाडी, राहणं धरलंत तर किलोचा भाव असा निघेल की धाग्यावर सांगायची लाज वाटते. बायकोने काढलाय. फ्रिजवर चिकटवलाय.


निळावंती

वाचनखूण साठवली! आईबाबा ऑगस्टमध्ये येताहेत, बाबांना मासेमारीचं वेड, आईला गुडघेदुखी. पाण्यात उभं राहणं तिला जमणार नाही. बोटीत बसून काही होतं का?


उत्तरध्रुवी

@निळावंती, मी अँकरेजला नऊ वर्षं आहे, माझं ऐका. ऑगस्टच्या मध्यापासून केनायवर 'सिल्व्हर' म्हणजे कोहो येतो. तो बोटीतून धरतात, खुर्चीवर बसून. गळाला सामनचीच गाबोळी म्हणजे अंडी, मीठ-साखर लावून मुरवलेली. कोहो तोंड उघडून घेतो, काठी दोनदा हलते आणि मग जाते. तुमच्या बाबांना हाच आवडेल, आईला थर्मासमधला चहा. पाऊस मात्र धरूनच चाला, पहाटे कानटोपी लागते.

@गरीवाला, लेख आवडला. एक सांगायचं राहिलं : काळा चष्मा. ओढताना गरी सुटली की शिसं गोळीसारखं उलटं येतं. गळ रुतलेली माणसं दर उन्हाळ्यात इथल्या दवाखान्यात रांगेत असतात.


गरीवाला

@उत्तरध्रुवी, अगदी. माझं शिसं माझ्याच टोपीवर येऊन आदळलं. गाईडने शांतपणे विचारलं, "आता कळलं चष्मा का दिला?"


मासेखाऊ_मावशी

थांबा थांबा. गाबोळी गळाला लावतात? गाबोळी?? आम्ही इथे बाजारात गाबोळीसाठी कोळणीशी भांडतो, ती तव्यावर तिखट-मीठ लावून परतायची सोडून माशालाच परत चारायची? जग बुडणार.


चढणीचा_मासा

धागा वाचला. आनंद आहे तुमचा, पण एक शंका मनात बसलीये. संगमेश्वराकडे आम्ही पण गरवतो. मासा आमिषाला येतो, खातो, लागतो. यात त्याचा लोभ आणि आपली युक्ती, सामना बरोबरीचा. तुम्ही जे सांगताय त्यात तांबडा खातच नाही म्हणता. मग तो गळाला लागतो कसा? बिनआमिषाची गरी त्याच्या अंगावरून ओढली तर ते गरवणं नाही, ओरबाडणं झालं. चूक असेन तर सांगा.


गरीवाला

चूक नाही. तिथेही यावर रोज वाद होतो. मासा तोंड उघडमीट करत वर चढतो, तंगूस त्याच्या तोंडातून आडवा जातो, ओढला की गरी जबड्याच्या बाहेरच्या बाजूला बसते. दात साफ करायचा दोरा असतो ना, त्यावरून या प्रकाराला 'फ्लॉसिंग' म्हणतात. कायदा असा की गरी तोंडात लागली तरच मासा तुमचा. पाठीत, शेपटीत, पोटात लागली तर सोडावाच लागतो. माझे दोन असे सोडले, त्यातला एक दिवसातला सगळ्यात मोठा होता. गाईडने दुसऱ्यांदा बघायची तसदीही घेतली नाही, पाण्यातच गरी काढली.

पण तुमची शंका खरी आहे. मला स्वतःला तो झटका मारताना आजोबा आठवत होते. ते म्हणायचे, चावा हाताला कळला पाहिजे. तिथे चावाच नाही.


जलचर

मत्स्यशास्त्र शिकलोय म्हणून थोडी भर, कंटाळवाणी झाली तर पुढे जा.

सॉकआय समुद्रात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातो. मांसाचा तो गडद लाल रंग त्यातूनच येतो. नदीत शिरला की त्याचं खाणं थांबतं, पोट आक्रसतं. अंडी घालेपर्यंत साठवलेल्या चरबीवर चालतो आणि मग मरतो. वर पोचेस्तोवर रंग मांसातून कातडीत उतरतो : अंग लालभडक, डोकं हिरवं. गरीवाल्यांनी धरले ते नुकते समुद्रातून आलेले, म्हणून चांदीसारखे.

पिल्लं केनाय आणि स्किलॅक या वाटेवरच्या तळ्यांत वाढतात, एक-दोन वर्षांनी समुद्रात जातात, आणखी दोन-तीन वर्षांनी परत येतात. आपला ओढा कुठला हे वासाने ओळखतात. मेलेल्या माशांचं खत नदीकाठच्या झाडांना, किड्यांना, पुढच्या पिल्लांना. तिथल्या रेनबो ट्राउटचं तर सामनच्या मागे फिरून अंडी खाण्यावर चालतं.

आता किंग का घटला त्याबद्दल. एकच कारण कोणी देऊ शकत नाही. समुद्र बदलतोय, नदी तापतेय, खोल समुद्रातल्या मोठ्या जाळ्यांत चुकून किंग सापडतात त्यावरून भांडणं आहेत. एक मात्र अलास्काभर दिसलंय : परतणारे किंग पूर्वीपेक्षा लहान आणि कमी वयाचे आहेत. मादी लहान म्हणजे अंडी कमी. २०२४ मध्ये राज्याच्या मत्स्य मंडळाने केनायच्या या किंगला 'चिंतेचा साठा' ठरवलं आणि सावरायचं उद्दिष्ट ठेवलं किमान १४,२५० मोठे मासे. किंगसाठी नुसते गळवाले थांबले नाहीत. २०२३ मध्ये किनाऱ्यावर खुंट्यांना जाळी लावणारे कोळीही थांबवले गेले, कारण त्यांच्या जाळ्यात तांबड्यांबरोबर किंग येतो.


चढणीचा_मासा

@जलचर, धन्यवाद. कंटाळा नाही आला, राग आला. तुमचा नाही, आमचा.

माझं नाव बघा. पहिल्या पावसात आमच्या वहाळाला वलगण लागते. मासा उलटा चढतो, शेतात शिरतो, पोटात गाबोळी घेऊन. लहानपणी आम्ही रात्री बत्ती घेऊन जायचो. काका कोयत्याने तोडायचे, आम्ही पाटीत भरायचो. कोणी वहाळाला आडवं जाळं लावायचं, एक मासा वर जायचा नाही. मजा यायची, खोटं कशाला बोलू. आता दोन-दोन तास फिरून कालवणापुरते मिळत नाहीत आणि लोक म्हणतात औषधफवारणीने गेले. फवारणीने गेले असतीलही. पण कोयताही आपलाच होता.


हिशोबनीस

समुद्रात १ जूनपासून दोन महिने बंदी असते ना?


जलचर

समुद्रातल्या यांत्रिक बोटींना, १ जून ते ३१ जुलै. वहाळाच्या वलगणीवर राखण गावाने केली तरच. ती होऊ शकते, उदाहरण आहे : महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर राखलेत, कोणी गळ टाकत नाही, लोक कुरमुरे टाकतात. श्रद्धेने का होईना, राखलेत. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात महाशीरची बीजपैदासही होते.


शाकाहारी_शंकासुर

म्हणजे आमचा पंथ वाळणकोंडीत आधीपासून आहे. हलकेच घ्या.


उत्तरध्रुवी

वलगणीवरून इकडची एक गोष्ट. पर्यटकांना गळ, पण अलास्कात बारा महिने राहिलेल्या माणसाला केनायच्या मुखाशी जाळं लावता येतं. १० ते ३१ जुलै. लांब दांड्याला मोठं गोल जाळं, छातीभर पाण्यात उभं राहायचं, भरतीबरोबर मासा आत येतो आणि जाळ्याला धडकतो. घरातल्या पहिल्या माणसाचे २५ मासे, वर प्रत्येक जादा माणसामागे १०. आम्ही चौघं म्हणजे ५५. विकायचे नाहीत, घरच्या खाण्यापुरते. हा घरच्या खाण्याचा मासा हे ओळखता यावं म्हणून शेपटीची टोकं कापायची.

पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा वाळूवर तंबू, मुलं, कुत्री, शेकोट्या, थेट जत्रा. माझ्या शेजारी फिलिपिनो कुटुंब, पलीकडे रशियन बोलणारे म्हातारे. आमचे सासरे रत्नागिरीचे, ते काठावर उभे राहून ओरडत होते, "पाग द्या मला, पाग! हे काय टोपलं घेऊन उभे राहिलात!" (पाग म्हणजे आपलं हाताने फेकायचं जाळं.)

या नदीचं इथल्या मूळच्या देनाइना लोकांच्या भाषेतलं नाव काहत्नू. ते शेकडो वर्षं इथे सामन धरताहेत. किंगची बंदी त्यांनाही सोसावी लागते, आणि ती सगळ्यात जास्त बोचत असेल ती त्यांनाच. आम्ही काय, काल आलो.


मासेखाऊ_मावशी

मुद्द्यावर या. केलंत काय त्या माशांचं? आणि एकदाचं सांगून टाका कोणीतरी, सामन म्हणजे आपला रावसच ना? आमच्याकडे बोर्डावर 'इंडियन सालमन' लिहितात.


जलचर

नाही हो मावशी! रावसाला साहेबाने ते नाव दिलं, बहुधा चव आणि आकार बघून. रावसाचं कूळ वेगळं, दाढा माशाचा तो भाऊबंद. सामनशी नातं नाही. नदी चढून मरणारा तर तो मुळीच नाही.


मासेखाऊ_मावशी

चला, म्हणजे आजवर रावसाच्या पैशात रावसच खाल्ला. बरं वाटलं.


गरीवाला

मावशी, पहिला प्रयोग फसला. नारळाच्या रसातलं कालवण केलं, तांबड्याची स्वतःची चव एवढी दांडगी की नारळ आणि तो दोघं वेगवेगळं बोलत होते. शिवाय जरा जास्त शिजला की कोरडा, कारण किंगसारखी चरबी याच्यात नाही. दुसऱ्या खेपेला आईला फोन लावला. ती म्हणाली, "बांगडा समज." हळद, तिखट, आगळ, भरपूर लसूण, कातडीसकट जाड तुकडी, रवा लावून कातडीच्या बाजूने तव्यावर, आणि उलटून मोजून एक मिनिट. मुलाने चार तुकड्या खाल्ल्या. डोक्याचं तिरफळ घालून तिकलं केलं, ते सगळ्यात भारी. गाईड डोकी फेकणार होती. मी मागितली तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

कच्चा खायचा असेल त्यांच्यासाठी : रानटी सामनात कृमी असतात. आधी उणे २० अंशावर सात दिवस पूर्ण गोठवा. घरच्या फ्रीझरवर भरवसा नसेल तर शिजवूनच खा.


हिशोबनीस

विमानात आणले कसे?


गरीवाला

पुठ्ठ्याचा जाड खोका, आत थर्माकोल, दगडासारखे गोठलेले मासे गच्च बसवलेले. ५० पौंडांच्या आत ठेवला की साधं सामान म्हणून जातो. कोरडा बर्फ घालायचा तर माणशी अडीच किलोपर्यंतच आणि विमानवाल्यांना आधी सांगून. आम्ही घातलाच नाही, सहा तासांत घरी, खडखडीत होते. अँकरेजच्या पट्ट्यावर सुटकेसपेक्षा असले खोकेच जास्त फिरत असतात.


निळावंती

अस्वलं?? आई धागा वाचतेय माझ्या खांद्यावरून.


उत्तरध्रुवी

आईंना सांगा, बोटीत अस्वल येत नाही. खाली सोलडॉट्नाकडे क्वचितच. वर रशियन नदी केनायला मिळते तिथे मात्र येतातच, कारण तिथेही मासे आणि तिथेही काठाकाठाने. तिथला नियम : धरलेला मासा आपल्या जवळच ठेवायचा, सांगाडे अख्खे काठावर टाकायचे नाहीत, तुकडे करून जोराच्या धारेत फेकायचे. एकदा समोरच्या काठावर मादी आणि दोन पिल्लं आली. साठ-सत्तर माणसं एका रांगेत गळ टाकत होती. कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी तंगूस गुंडाळला, मागे सरकले, तिने दोन मासे नेले, माणसं परत पाण्यात. माझा मासा त्या गडबडीत सुटला याचं कोणाला काही नाही.


शाकाहारी_शंकासुर

अस्वलाला परवाना लागतो का? रहिवासी म्हणून २५ मिळत असतील.


चढणीचा_मासा

गरीवाले, एक शेवटचं. तुमच्या गाईडबाईंचं किंग बंद झाल्यावर चाललंय कसं? आमच्याकडे बंदी म्हटली की आधी पोटाचा प्रश्न येतो आणि तो खोटा नसतो.


गरीवाला

हेच मी तिला जेवताना विचारलं होतं. काठावर बसून पाव खात होतो, मुलगा अजून पाण्यात.

ती म्हणाली, तिची अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकं किंगची होती. बरीचशी यायची बंद झाली. दोन ओळखीच्या गाईडांनी बोटी विकल्या. हिचं शाळेच्या पगारावर निभतं, म्हणून ही टिकली, हे तिने स्वतःच सांगितलं. बंदी नको होती का विचारलं तर म्हणाली, "बंदी दहा वर्षं उशिरा आली." मग जरा थांबून, "दहा वर्षांपूर्वी आणली असती तर मीच सभेत उभी राहून भांडले असते."

नदीवर पन्नास अश्वशक्तीच्या वरचं इंजिन चालत नाही, गाईड व्हायचं तर नदीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, वर केनाय तळ्याखालच्या पट्ट्यात तर इंजिनच चालू करायचं नाही, वल्ह्यांवर जायचं. हे सगळं ती पाठ म्हणून दाखवत होती, शाळेत पाढे म्हणतात तसं. तेवढ्यात आमच्यापासून वीसेक फुटांवर पाण्यात एक भलामोठा लोट उठला. उडी नव्हती, पाणी नुसतं फुगलं आणि एक रुंद पाठ दिसून गेली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पाव खाली ठेवला होता.

"किंग?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. बराच वेळ त्याच जागेकडे बघत राहिली. मग उठून मुलाचं शिसं बदलायला गेली.


जलचर

वा.


मासेखाऊ_मावशी

+१. आता फोटो टाका. तिकल्याचे. किंगचा नसला तरी चालेल.


गरीवाला

फोटो शनिवारी टाकतो, सगळे बायकोच्या फोनमध्ये आहेत.


गरीवाल्याची_बायको

मुद्दाम खातं उघडलं. फोटो मीच टाकीन, त्याआधी एक दुरुस्ती. "तिघांनी मिळून सहा" असं वर मोठ्या खुबीने लिहिलंय. तीन माझे. दोन मुलाचे. आणि यांचा जो एक, त्यालाही हातजाळी लागेपर्यंत काठी मुलाने धरली होती, कारण हे टोपी शोधत होते.